शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी का राहत नाही?

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलातली शेवटची गोळी सुटली की स्लाइड (गोळीच्या धक्क्याने मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागेच अडकून राहायला हवी. चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) उघडे दिसते आणि गोळ्या मोजल्या नसल्या तरी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) संपल्याचे कळते. अनेकांच्या पिस्तुलात हे कधी होते, कधी होत नाही. ‘गोळी तर सुटते ना’ म्हणून त्याकडे काणाडोळा केला जातो आणि तो करू नये. त्या सगळ्या यंत्रणेतले हे सर्वांत नाजूक वेळेचे काम आहे. स्प्रिंग, काडतूस किंवा हाताची पकड कमी पडू लागली की बहुतेकदा त्याची पहिली खूण इथेच दिसते.

आधी रचना पाहू. मॅगझिनमध्ये गोळ्यांच्या खाली फॉलोअर नावाची पट्टी असते आणि तिच्याखाली स्प्रिंग. शेवटची गोळी चेंबरमध्ये गेली की फॉलोअर अगदी वर येतो आणि फ्रेमच्या (हातात धरायच्या खालच्या सांगाड्याच्या) बाजूला बसवलेल्या स्लाइड स्टॉप नावाच्या लीव्हरच्या आतल्या टोकाला खालून ढकलतो. स्लाइड स्टॉपला स्वतःची बारीक स्प्रिंग असते, ती त्याला खाली दाबून ठेवते. म्हणजे मॅगझिनच्या स्प्रिंगने या बारीक स्प्रिंगवर मात करायची, स्लाइड स्टॉप उचलायचा आणि तो स्लाइडच्या खाचेत बसवायचा.

गंमत अशी की स्प्रिंगचा जोर तिच्या दाबले जाण्यावर अवलंबून असतो. मॅगझिन भरलेले असताना ती सर्वांत जास्त दाबलेली, म्हणून सर्वांत जोरकस. रिकामे झाल्यावर ती सर्वांत सैल. नेमक्या याच क्षणी तिच्यावर जास्तीचे काम येते. म्हणून थकलेली स्प्रिंग गोळ्या नीट वर ढकलत राहते, पण शेवटी स्लाइड स्टॉप उचलताना मात्र हरते.

दुसरी अडचण वेळेची. .३२ एसीपी काडतुसाचे उदाहरण घेऊ. ४.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २८० मीटर वेगाने निघते, म्हणजे तिचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) साधारण १.३ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. तेवढाच संवेग स्लाइडला उलट दिशेने मिळतो. स्लाइडचे वस्तुमान ३०० ग्रॅम धरले, तर ती सेकंदाला साधारण ४.३ मीटर वेगाने मागे निघते आणि तिच्यात पावणेतीन ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेत तिने काडतुसाचे रिकामे केस (धातूचे नळकांडे) बाहेर फेकायचे, रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) दाबायची आणि खाचेच्याही थोडे मागे पोचायचे. खाचेपलीकडचा हा प्रवास ४ मिलिमीटर आणि तिथला सरासरी वेग सेकंदाला ३ मीटर धरला, तर जाऊन-येऊन तीन मिलिसेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात स्लाइड स्टॉप वर आला पाहिजे.

काडतूस १५ टक्के कमी वेगाचे निघाले तर स्लाइडची ऊर्जा २८ टक्क्यांनी घटते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मग स्लाइड केस बाहेर टाकण्याइतकी मागे जाते, खाचेपर्यंत मात्र पोचत नाही. मनगट ढिले असले तरी तसेच होते. स्लाइड मागे जाताना फ्रेमही हातासोबत मागे जाते, आणि दोघांमधले सापेक्ष अंतर कमी पडते. हलक्या फ्रेमच्या पिस्तुलांत हा त्रास अधिक दिसतो.

तपासणीपूर्वी पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम चुकवू नये. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. आधी मॅगझिन काढायचे, मगच स्लाइड मागे ओढायची. उलटे केले तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते. स्लाइड दोन-तीनदा ओढून उघडी धरावी, चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे. सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

आणखी एक गोष्ट आधी पाहावी: आपल्या पिस्तुलात ही सोय आहे का? कोल्टचे १९०३ मॉडेल आणि एफएन कंपनीचे १९१० मॉडेल शेवटच्या गोळीनंतर उघडे राहतच नाही. वॉल्थर पीपी आणि पीपीके उघडी राहतात, पण बाहेर दाबायला लीव्हर नसतो. वडिलोपार्जित पिस्तूल असेल तर मूळ माहितीपुस्तिका शोधणे हाच दुरुस्तीचा पहिला टप्पा ठरतो.

आता रिकामे मॅगझिन बसवा आणि स्लाइड हाताने सावकाश पूर्ण मागे ओढा. ती अडकली का? निदानाचे दोन रस्ते इथेच फुटतात.

हातानेही अडकत नसेल, तर दोष मॅगझिनमध्ये किंवा स्लाइड स्टॉपमध्ये. मॅगझिन काढा, स्लाइड मागे धरा आणि लीव्हर अंगठ्याने वर करा. असे केल्यावर अडकली, तर लीव्हर आणि खाच बहुधा ठीक आहेत, संशय मॅगझिनवर जातो. मॅगझिन बसवून त्याचा तळ तळहाताने वर दाबत स्लाइड ओढल्यावर अडकते का तेही पाहा. तसे होत असेल तर मॅगझिन कॅच (मॅगझिन जागेवर धरणारा खटका) झिजला आहे किंवा मॅगझिन पुरते बसत नाही. एखादा मिलिमीटर खाली राहिले तरी फॉलोअर स्लाइड स्टॉपपर्यंत पोचत नाही. मग दुसरे मॅगझिन लावून पाहावे. दोष मॅगझिनबरोबर फिरला तर निदान झाले. म्हणून प्रत्येक मॅगझिनच्या तळाला क्रमांक घालावा. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी दुसरी युक्ती या विषयात नाही.

मॅगझिन उघडल्यावर तीन गोष्टी बघाव्यात. स्प्रिंग उलटी बसली आहे का, हे आधी. साफसफाईनंतर ही चूक फार होते आणि फॉलोअर तिरका होतो. फॉलोअरचा लीव्हरला टेकणारा कोपरा झिजला आहे का. आणि आत तेल आहे का. मॅगझिन आतून कोरडेच हवे, तेलावर धूळ आणि दारूची काजळी बसून चिखल होतो. जुनी स्प्रिंग नव्याशेजारी ठेवली की आखूड झालेली लगेच दिसते. ती ताणून लांब करण्याचा उपाय काही दिवसच टिकतो, बदलणेच बरे. चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही. पुन्हा पुन्हा दाबणे-सोडणे तिला थकवते. मर्यादेपलीकडे दाबली जाणारी स्प्रिंग मात्र कायमची आखूड होते. कोकणासारख्या दमट किनारपट्टीवर पावसाळ्यात गंजही आपला वाटा उचलतो, तिथे लीव्हरची खीळ आणि स्प्रिंग दर महिन्याला पाहावी.

हाताने अडकते, पण गोळ्या झाडताना अडकत नाही, असा प्रकार असेल तर प्रश्न वेगाचा किंवा जोराचा आहे. सर्वांत सामान्य कारण नेमबाजाचा अंगठा. दोन्ही हातांच्या पकडीत अंगठा लीव्हरवर विसावतो आणि त्याला वर येऊ देत नाही. दुसऱ्या अनुभवी नेमबाजाने त्याच पिस्तुलातून, त्याच काडतुसांनी पाच-सहा गोळ्या झाडाव्यात. दोष गेला तर पकड सुधारायची. राहिला तर काडतुसाचा दुसरा लॉट (उत्पादनाची खेप) घ्यावा. त्यानंतर रिकॉइल स्प्रिंगकडे वळावे. मूळपेक्षा कडक स्प्रिंग कोणी बसवली असेल तर स्लाइड पुरती मागे जाणारच नाही.

काडतूस अशक्त असल्याचा संशय असताना एक धोका कायम लक्षात ठेवावा. आवाज फुसका आला आणि स्लाइड हललीच नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. तिथेच थांबावे आणि पिस्तूल रेंज ऑफिसरच्या (नेमबाजीच्या मैदानावरच्या अधिकाऱ्याच्या) देखरेखीखाली रिकामे करावे. चेंबरमध्ये जिवंत काडतूस असताना स्लाइड बंद स्थितीत घट्ट अडकली, तरी हातोडी किंवा टेबलाची कड वापरू नये. ते काम गनस्मिथचे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे) आहे.

उलटा दोषही असतो: मॅगझिनमध्ये गोळ्या शिल्लक असताना स्लाइड मधेच अडकते. पुन्हा पहिला संशय अंगठ्यावर. धक्क्याने हात उसळताना तो लीव्हरला खालून मारतो. मॅगझिन काढून, स्लाइड बंद असताना लीव्हर वर करून सोडा. तो टुणकन खाली यायला हवा. रेंगाळला तर त्याची स्प्रिंग थकली आहे, चुकीची बसली आहे किंवा घाण साचली आहे. लीव्हरच्या आतल्या टोकावर तांबूस घासल्याचे डाग दिसले, तर वर येणाऱ्या गोळीचे नाक त्याला लागते आहे. ते टोक घरी कानशीने घासू नये. थोडे जास्त घासले की शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहणे कायमचे बंद होते, आणि भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दुरुस्तीचा व्यवसाय करायला वेगळा परवाना लागतो. असे काम त्या परवानाधारकाकडेच द्यावे.

काही गोष्टी दोष नसतातच. रिकामे मॅगझिन आत असताना लीव्हर दाबायला जड जातो किंवा दाबूनही स्लाइड पुढे जात नाही, कारण फॉलोअर त्याला खालून धरून असतो. नव्या पिस्तुलात लीव्हर कडक असतो, तेव्हा स्लाइड थोडी मागे ओढून सोडावी.

.३२ वापरणाऱ्यांसाठी एक खास अडचण. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने १८९९च्या सुमारास आखलेल्या या काडतुसाच्या तळाची कड केसपेक्षा व्यासाने अर्धा मिलिमीटर मोठी आहे. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोघे एकमेकांत अडकतात आणि गोळ्या वर येणे थांबते. मग स्लाइड रिकाम्या चेंबरवर बंद होते, मॅगझिनमध्ये मात्र गोळ्या असतात. आखूड गोळीच्या काडतुसांत हे जास्त होते, कारण त्यांना मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला जागा मिळते. भरताना प्रत्येक कड खालच्याच्या पुढे आहे ना, हे पाहावे.

निवडीचा प्रश्न या सगळ्यातून बराच सुटतो. भारतात ९ मिलिमीटर हे निषिद्ध बोअर (सामान्य नागरिकाला परवाना न मिळणारे माप) असल्याने सामान्य परवानाधारकाची निवड मुख्यतः .३२ वर येते: आयुध निर्माणीचे ‘अशनी’, खासगी भारतीय उत्पादकांची पिस्तुले किंवा जुनी विदेशी. नावापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे. जादा मॅगझिन आणि स्प्रिंगा आज मिळतात का? आणि खडकीच्या कारखान्याची ‘केएफ’ मोहोर असलेली किंवा आपल्याला सहज मिळणारी काडतुसे त्यात चालतात का? सुटे भाग न मिळणारे सुंदर जुने पिस्तूल संग्रहासाठी ठीक, भरवशासाठी घेऊ नये.

चाचणीचे गणितही समजून घ्यावे. मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराच्या चाचणीत कोल्टच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. आपल्या हातात तेवढी काडतुसे नसतात. सलग ५० गोळ्या निर्दोष गेल्या, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की दोषाचे प्रमाण ६ टक्क्यांपेक्षा कमी आहे; २०० गोळ्यांनंतर दीड टक्का, ३०० नंतर एक. सूत्र सोपे: तीनला गोळ्यांच्या संख्येने भागायचे.

काडतुसे मोजकी असतील तर ती अशी खर्च करावीत. प्रत्येक मॅगझिन एकदा पूर्ण भरून चालवावे, म्हणजे स्प्रिंग सर्वांत घट्ट असतानाचे काम तपासले जाते. उरलेल्या काडतुसांत प्रत्येक वेळी मॅगझिनमध्ये एकच गोळी भरावी. दहा गोळ्यांत स्लाइड अडकण्याच्या दहा चाचण्या होतात. तेच आठ गोळ्यांचे मॅगझिन भरून केले असते तर ऐंशी लागल्या असत्या. निकाल मॅगझिनच्या क्रमांकासमोर लिहून ठेवावा, काडतुसाचा लॉटही त्याच ओळीत.