साडेबारा हजार नावं : अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळ उभी कशी राहिली

१९६४ ची अमेरिकन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक संपली आणि रिचर्ड व्हिगरी नावाचा तिशीतला एक माणूस वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) सचिवाच्या ऑफिसात जाऊन नावं उतरवायला लागला. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार, सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांना ५० डॉलर किंवा जास्त देणगी दिलेल्या लोकांची नावं-पत्ते तिथे नोंदलेले असायचे, ते त्याने चक्क हाताने लिहून काढले, मदतीला माणसं लावली, साडेबारा हजार नावं झाली. मला विचाराल तर अमेरिकेतलं आजचं उजवं राजकारण समजून घ्यायला या यादीपासूनच सुरुवात करावी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रेगनपासून नाही.

कारण गोल्डवॉटर तर सपाटून हरले होते. ५० पैकी फक्त ६ राज्यं, इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची, ज्यांवर निकाल ठरतो ती) ४८६ विरुद्ध त्यांची ५२. सरकार छोटं हवं, टॅक्स कमी हवा, कम्युनिस्टांशी तडजोड नको हे सगळं विल्यम बकली १९५५ पासून आपल्या नॅशनल रिव्ह्यू नियतकालिकात मांडतच होते, पण हे विचार देशाला नकोत असंच त्या निकालानंतर सगळे धरून चालले.

पण ती ६ राज्यं कुठली ते बघा. एक त्यांचं स्वतःचं ॲरिझोना, बाकी पाच सगळी खोल दक्षिणेतली, जिथे पिढ्यान् पिढ्या डेमोक्रॅट पक्षच निवडून यायचा. मिसिसिपीत तर ८७ टक्के मतं! गोल्डवॉटरनी त्याच वर्षी वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं, केंद्र सरकारचा अधिकार एवढा नसावा हे त्यांचं कारण, पण तिथल्या गोऱ्या मतदाराने त्यातून काय घ्यायचं ते घेतलंच, आणि काळ्या लोकांना तर मतदार यादीत नाव घालायचीही मारामार होती. ही बाजू वगळून चळवळीचा इतिहास सांगणं मला तरी प्रामाणिक वाटत नाही.

व्हिगरींनी ती नावं घेऊन पत्रं पाठवायचा धंदाच सुरू केला. टीव्ही, मोठे पेपर आपलं ऐकत नाहीत ना, मग थेट घरी पत्र, एकेका विषयावर, आणि शेवटी थोडे पैसे पाठवा. यादी वाढत वाढत लाखांत गेली.

दुसरं नाव फिलिस श्लाफ्लींचं. सहा मुलांची आई, इलिनॉयची, गोल्डवॉटरची कट्टर कार्यकर्ती. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती १९७२ मध्ये संसदेत पास झाली, आता ३८ राज्यांनी मान्यता दिली की झालं, आणि पहिल्याच एक-दोन वर्षांत ३० राज्यांनी दिलीसुद्धा. तेव्हा ही दुरुस्ती अडवायला श्लाफ्लींच्या कार्यकर्त्या बायका घरी भाजलेला ब्रेड आणि जॅम घेऊन आमदारांना भेटायला जायला लागल्या. गाडी ३५ वर अडकली ती अडकलीच, १९८२ ला मुदत संपली. मला त्यांचं म्हणणं पटत नाही, पण संघटन म्हणून हे काम जबरदस्त आहे.

मग १९७३ मध्ये गर्भपात हा हक्क ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्यावरून आधी कॅथलिक आणि नंतर इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट) मंडळी पेटली. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात घरांच्या किमती चढल्याने घरपट्टी इतकी वाढली की लोकांनी थेट मतदान करून ती घराच्या किमतीच्या साधारण एक टक्क्यावर बांधून टाकली. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या पाद्रींनी मॉरल मेजॉरिटी ही ख्रिश्चन मतदारांची राजकीय संघटना काढली. त्यात महागाई, इराणमध्ये ओलीस धरलेले अमेरिकन... आणि १९८० ला रेगन ४४ राज्यं घेऊन जिंकले. हेच रेगन १९६४ मध्ये गोल्डवॉटरसाठी टीव्हीवर भाषण करून पहिल्यांदा राजकारणात गाजले होते.

पण चळवळीच्या घरात सगळं एकमताचं कधीच नव्हतं. १९८१ मध्ये रेगननी सँड्रा डे ओकॉनर यांना सुप्रीम कोर्टावर नेमलं, पहिली महिला न्यायाधीश, तीही ॲरिझोनाची, आणि फॉलवेल म्हणाले चांगल्या ख्रिश्चनांनी याची काळजी करायला हवी. त्यावर गोल्डवॉटर भडकून म्हणाले, प्रत्येक चांगल्या ख्रिश्चनाने फॉलवेलच्या ढुंगणावर लाथ घालायला हवी.