कोड पास, तरी डोक्यावर धप्प-धप्प

अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या अपार्टमेंटमधे राहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, वरच्यांचं पोरगं सकाळी किती वाजता उठतं ते त्याला पाठ असतं (आणि खालच्यांना आपला खलबत्ता पाठ असतो, ते वेगळं). मग वाटतं इथे बिल्डिंग कोड वगैरे काही आहे की नाही? आहे, आणि बिल्डरने बहुतेकदा पाळलेलाही असतो, गंमत तीच आहे.

तिकडे बहुतेक ठिकाणी इंटरनॅशनल बिल्डिंग कोड चालतो. त्यात दोन घरांमधल्या आवाजासाठी दोन आकडे आहेत, एसटीसी म्हणजे हवेतून येणारा आवाज, बोलणं, टीव्ही वगैरे किती अडतो ते, आणि आयआयसी म्हणजे वर काही आपटलं तर खाली किती कमी येतं ते. दोन्ही लॅबमधे किमान 50 हवेत, तयार बिल्डिंगमधे मोजले तर 45 चालतात. 50 एसटीसीची भिंत असली की शेजारी भांडतायत एवढं पुसटसं कळतं, कशावरून ते कळत नाही.

खरा घोळ आयआयसीचा. वरच्या खोलीत एक मशीन ठेवतात, त्यात अर्ध्या किलोचे पाच हातोडे, 4 सेंटिमीटरवरून पडतात, सेकंदाला 10 ठोके, आणि खालच्या खोलीत आवाज मोजतात. पण मोजणी सुरू होते 100 हर्ट्झच्या पट्ट्यापासून (हर्ट्झ जितके कमी तितका आवाज खर्जातला), आणि अनवाणी टाचांचा धप्प मुख्यतः त्याच्याही खाली असतो, लाकडी फ्लोअर हलका, ढोलाच्या पानासारखा हलतो ना. म्हणजे जो आवाज झोप उडवतो तोच पेपरात नाही! कार्पेट टाकलं की टकटक जाते, आकडा मस्त वर चढतो, धप्प जवळपास तसाच.

आपल्याकडच्या स्लॅबचं उलटं, 6 इंची काँक्रीट जड म्हणून बोलणं अडतं, धप्पही कमी, पण नुसत्या स्लॅबचा आयआयसी जेमतेम 30 च्या आसपास, त्यामुळे वर स्टूल सरकवलं की खाली खर्रर्र.

लाकडी बिल्डिंगमधे उपाय म्हणून सीलिंगचं जिप्सम बोर्ड तुळयांना थेट न ठोकता मधल्या लवचिक पत्र्याच्या पट्ट्यांवर लटकवतात, चांगली आयडिया, फक्त कारागिराने लांब स्क्रू मारला आणि तो पट्टीतून थेट लाकडात घुसला की आवाजाला पूल मिळाला, असे चार-सहा स्क्रू गेले तरी पट्टीचा बराचसा फायदा संपला, आणि वरून रंग मारल्यावर ते दिसणार कोणाला.

म्हणून मी भाड्याने घर बघायला गेलो की आकडे विचारत बसत नाही, वरचा फ्लॅट रिकामा असेल तर बायकोला वर पाठवतो, चप्पल काढून जरा टाचा आपटत चाल म्हणतो.