एमिरेट्स स्कायकार्गो

एमिरेट्स स्कायकार्गो हा दुबईच्या एमिरेट्स एअरलाइनचा मालवाहतुकीचा विभाग. एअरलाइन १९८५ साली सुरू झाली आणि कार्गोचं कामही तेव्हापासूनच चालू आहे. कार्गो म्हटलं की लोकांना बिनखिडक्यांची विमानं आठवतात, पण इथला बराच माल आपण बसतो त्याच विमानात आपल्या पायाखाली, म्हणजे बेलीत जातो, आणि हीच या धंद्याची खरी ताकद आहे. एमिरेट्सकडे छोटी विमानं नाहीतच, सगळी रुंद बॉडीची, त्यामुळे जवळपास प्रत्येक फ्लाइटला पॅलेट (माल रचायची सपाट प्लेट) लावता येतं. गंमत म्हणजे एअरबसचं दुमजली ए३८० एवढं अवाढव्य, पण पाचशेच्या आसपास प्रवाशांच्या बॅगाच इतकी जागा खातात की कार्गोवाल्यांना बोइंगचं ७७७-३००ईआर जास्त आवडतं.

एअरलाइन सहसा थेट गिऱ्हाइकाशी बोलत नाही, जागा फ्रेट फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवून देणारा मधला एजंट, बुक करतो. मुंबईहून हापूस दुबईला पाठवायचा तर फॉरवर्डर एअर वेबिल, म्हणजे मालाची पावती-कम-करार, बनवतो (एमिरेट्सचं असेल तर नंबर १७६ ने सुरू होतो), मग पेट्यांचं वजन, स्क्रीनिंग, कस्टम्स, आणि शेवटी पॅलेटवर रचून वरून जाळी आवळतात. भाडं नुसत्या वजनावर लागत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६००० ने भागायचं, येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच धरतात. म्हणजे ६०×५०×४० चा खोका १२ किलोचा असला तरी पैसे २० किलोचे. बॅगा जास्त झाल्या किंवा विमानाचं वजन बसेना तर आधी कार्गो ऑफलोड होतं, नाशवंत मालवाल्यांचा जीव तिथेच टांगणीला लागतो.

साधारण १६० सेंटीमीटरपेक्षा उंच माल बेलीत शिरत नाही. त्यासाठी, आणि रेसचे घोडे, मोठी मशिनरी वगैरेंसाठी ७७७ फ्रेटर, म्हणजे फक्त माल नेणारी विमानं, आहेत, एका वेळी शंभर टनांच्या आसपास उचलणारे. फ्रेटर चालवणं मात्र अवघड, कारण प्रवासी जातो तसा परत येतो, माल परत येत नाही, मग रिकामं यायला नको म्हणून रूट बऱ्याचदा गोल फिरवून आखावे लागतात.

२०१४ मध्ये फ्रेटर दुबईच्याच नव्या अल मक्तूम एअरपोर्टला हलवले, तेव्हापासून तिथून दुबईच्या जुन्या एअरपोर्टपर्यंत माल बाँडेड, म्हणजे कस्टम्सच्या देखरेखीखालच्या, ट्रकनी जायचा. २०२० मध्ये कोविडमुळे प्रवासी विमानं थांबली आणि त्यांच्यासोबत बेलीची जागाही गेली, तेव्हा फ्रेटर जुन्या एअरपोर्टवर परत आणले आणि काही ७७७ मधल्या इकॉनॉमीच्या सीट काढून तिथेही खोके भरले. २०२२ मध्ये फ्रेटर पुन्हा अल मक्तूमला गेले.