पानसुपारीचा चांदीचा सरंजाम

दरबारात आणि खाशा समारंभात विडा, अत्तर व गुलाबपाणी देण्यासाठी वापरला जाणारा नक्षीदार चांदीच्या भांड्यांचा संच. तबक, पानदान, चौफुला (लवंग-वेलची ठेवायचा कप्प्यांचा डबा), चुनाळे (चुन्याची डबी), अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि पिकदाणी ही त्यातली मुख्य भांडी. कोल्हापुरात संस्थानी वैभवाच्या वस्तू पाहायच्या तर लोक नव्या राजवाड्यातल्या शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालयात जातात. मेजर चार्ल्स मँट याच्या आराखड्यानुसार 1884 मध्ये पूर्ण झालेल्या या वाड्यात प्रेक्षक हत्तीवरच्या चांदीच्या हौद्यापुढे रेंगाळतात. अशा संग्रहांतली लहान भांडी मात्र ‘राजाची भांडी’ एवढ्यावर निकालात निघतात, हे बरे नव्हे.

या भांड्यांचे काम जेवणापेक्षा रिवाजाचे. अत्तर-पान फिरले की दरबार संपला असे समजत. ब्रिटिश अमदानीत तर कोणाला अत्तर-पान कोणाच्या हातून मिळावे, हेही दर्जानुसार ठरलेले असे. साहेबाने स्वतः दिले की त्याच्या हाताखालच्याने, यावर मानापमान होत. लग्नाच्या मांडवात दाराशी शिंपडले जाणारे गुलाबपाणी हा त्याच रिवाजाचा घरगुती अवशेष.

घडणीत खरे कसब उठावाच्या कामात दिसते. पत्रा ठोकून भांड्याचा आकार काढताना चांदी कडक होत जाते, म्हणून तिला पुन्हापुन्हा ताव द्यावा, म्हणजे तापवून मऊ करावे लागते. मग पत्रा राळेच्या मिश्रणावर बसवून मागून ठोकत वेली, मोर, देवादिकांच्या आकृती उचलतात आणि पुढून बारीक छिन्नीने रेषा पाडतात. गुलाबदाणीचा पोटाचा गोळा, लांब मान व वरची जाळीदार झारी बहुधा वेगवेगळी घडवून जोडलेली असते. शुद्ध चांदी मऊ, म्हणून तिच्यात तांबे मिसळतात. विलायती भांड्यावर हजारात 925 भाग चांदीची हमी देणारा सिंहाचा ठसा असतो. देशी भांड्यांवर तशी सक्ती नव्हती. त्यामुळे त्यांचा काळ नक्षीवरून आणि मालकाच्या कोरलेल्या नावावरून अंदाजावा लागतो.

जुनी चांदी कमी उरली, याचे कारण सराफी आहे. भांड्याची किंमत तोळ्यावर. नड आली किंवा घाट जुना वाटला की मोड देऊन नवे घडवायचे. कोल्हापुरातल्या गुजरी या सराफ बाजारातल्या पेढीवर आजही हाच हिशेब चालतो. त्यामुळे नक्षीची मजुरी मोडीत बुडते, आणि जे टिकले त्यावरून सगळ्या काळाची कल्पना करणे धोक्याचे.

हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदी काळी पडते. घरी ती रांगोळीने घासतात, पण दर घासणीला थोडी चांदी जाते आणि उठाव बोथट होतो. संग्रहालयात खोबणीतला काळेपणा मुद्दाम ठेवतात. त्यानेच नक्षी उठून दिसते.