‘पुग्नारे’: मुठीतून आलेले क्रियापद आणि त्याचा भावे प्रयोग

लॅटिनमध्ये लढण्यासाठी अनेक क्रियापदे आहेत, त्यांतील ‘पुग्नारे’ हे सर्वांत रुळलेले. त्याच्या मुळाशी ‘पुग्नुस’, म्हणजे मूठ, हे नाम आहे. मुष्टियोद्ध्याला ‘पुगिल’ म्हणत, तो शब्दही याच कुळातला. ‘पुग्ना’, म्हणजे लढाई, या नामावरून क्रियापद आले असे जुन्या कोशांत आढळते. आज सामान्यतः उलटा क्रम मानला जातो: आधी मूठ, मग मुठीने लढणे आणि त्यावरून लढाई. आपला ‘हातघाई’ हा शब्दही हातावरूनच लढाईकडे गेला आहे.

‘पुग्नो, पुग्नारे, पुग्नावी, पुग्नातुम’ ही त्याची चार मूळ रूपे असून ते पहिल्या, म्हणजे आकारान्त अंगाच्या गणातले नियमित क्रियापद आहे. त्यामुळे त्याच्या रूपावलीत अडण्यासारखे फारसे काही नाही. अडचण येते ती ‘पुग्नातुम एस्त’ या रूपापाशी.

इसवी सनपूर्व पहिल्या शतकात सेनापती ज्युलियस सीझरने लिहिलेल्या गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या परिसरातील) युद्धांच्या वृत्तान्तात ‘पुग्नातुम एस्त आब उत्रिस्क्वे आक्रितेर’ असे वाक्य येते. त्याचा अर्थ ‘दोन्ही बाजूंनी निकराने लढण्यात आले’ असा आहे. रूपाची घडण कर्मणी असल्यामुळे व्याकरणांतून त्याला अकर्तृक कर्मणी म्हणण्याची प्रथा पडली आणि ती आजतागायत टिकून आहे. परंतु या वाक्यात कर्मच नाही, मग कर्मणी कसले? क्रियापद तृतीय पुरुषी, एकवचनी आणि नपुंसकलिंगी आहे, आणि ही तिन्ही लक्षणे ‘सैनिकांनी शत्रूशी लढावे’ या मराठी वाक्यातल्या भावे प्रयोगाची आहेत. ज्याला हा प्रयोग शाळेपासून ठाऊक आहे, त्याने युरोपीय परिभाषेच्या आडवळणाने जाण्याचे काहीच कारण नाही. सेनापतीला या रचनेचा उपयोगही मोठा होता, कारण कोण लढले हे न सांगता लढाई किती वेळ आणि किती निकराने चालली एवढेच तिच्यातून सांगता येत असे.

हे क्रियापद निखळ अकर्मक आहे, असेही म्हणता येत नाही. ‘लढाई लढणे’ याप्रमाणे ‘पुग्नाम पुग्नारे’ अशी सजातीय कर्माची रचना होते, आणि ऑगस्टसच्या काळातील एका प्रसिद्ध उद्देशिकेत (‘ओड’ या प्रकारच्या कवितेत) ट्रॉयची ‘लढलेली युद्धे’ धातुसाधित विशेषणाने सांगितली आहेत. म्हणूनच कोशात चौथे रूप ‘पुग्नातुम’ असे द्यावे की ‘पुग्नातुस’, याविषयी एकवाक्यता नाही. एरवी शत्रूचा उल्लेख ‘कुम’ या शब्दयोगी अव्ययाने होतो, तेथे मराठीत ‘शी’ येतो. उपसर्ग लागल्यावर मात्र चित्र बदलते: ‘ओप्पुग्नारे’ (हल्ला चढवणे) आणि ‘एक्स्पुग्नारे’ (हल्ला करून जिंकणे) ही सकर्मक असल्याने नगर कर्म होते आणि खरा कर्मणी प्रयोग सिद्ध होतो.

पुढे बोलीभाषेत ‘बात्तुएरे’, म्हणजे बडवणे, या क्रियापदाने त्याची जागा घेण्यास सुरुवात केली आणि फ्रेंच व इटालियन भाषांत लढण्याचे नेहमीचे क्रियापद त्यावरून घडले. स्पॅनिशमधील ‘लुचार’ आणि पोर्तुगीजमधील ‘लुतार’ ही क्रियापदे कुस्ती खेळणे या अर्थाच्या ‘लुक्तारी’वरून आली. ‘पुग्नार’ या दोन्ही भाषांत उरले आहे, पण ते ग्रंथांत आणि भाषणांत, एखाद्या हक्कासाठी झगडणे या अर्थाने.