युद्धकाळातील अन्ननियंत्रण, सोलापूर

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरची काही वर्षे सरकारने धान्य, साखर, गूळ, रॉकेल अशा रोजच्या जिनसांची विक्री, साठा आणि वाहतूक यांवर घातलेली बंधने. सोलापुरात त्यांचा गाभा ज्वारी हा होता. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा बोलणारे हे गिरणगाव सकाळ-संध्याकाळ भाकरीच खात असे. त्यामुळे इथल्या नियंत्रणाचे यशापयश ज्वारीवरूनच जोखावे लागते.

या हुकुमांना भारत संरक्षण कायदा, १९३९ आणि त्याखालील नियम यांचा आधार होता. मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ च्या नोव्हेंबरात राजीनामा दिला आणि १९४६ पर्यंत गव्हर्नरची राजवट राहिली. घरातल्या कणगीपर्यंत पोचणारे निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांविना झाले. शेतकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा संशय समजून घेताना ही गोष्ट विसरता येत नाही.

सुरुवातीला सरकारचा भर भाव बांधून देण्यावर होता. १९४१ च्या डिसेंबरात गव्हाचा कमाल भाव ठरवला गेला, तसा गहू बाजारातून दिसेनासा झाला. १९४३ च्या जानेवारीत तो हुकूम मागे घ्यावा लागला. साठा हाताशी नसताना नुसता भाव बांधला की माल काळ्या बाजारात जातो, हा धडा त्यातून मिळाला. दरम्यान १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती गेले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला. सोलापूर तांदळावर जगणारे नव्हते, तरी त्यालाही झळ बसली. तांदूळ तुटला की मोठी शहरे दुसऱ्या धान्याकडे वळतात; त्यात लष्कराची खरेदी आणि नोटांचा फुगवटा यांची भर पडली. शेजारच्या विजापूर जिल्ह्यात १९४२-४३ मध्ये दुष्काळ होता. बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसे मेली.

मुंबईत २ मे १९४३ पासून रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी सरकारने अन्नधान्य धोरणासाठी नेमलेल्या ग्रेगरी समितीने एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत रेशनिंग लागू करावे आणि प्रौढ माणसाला रोज एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्य मिळावे असे सुचवले. सोलापूरची वस्ती त्याहून बरीच मोठी होती, त्यामुळे मुंबईपाठोपाठ तेही या व्यवस्थेत आले. अंगमेहनत करणाऱ्यांना जादा धान्याची तरतूद होती. १९४६ मध्ये टंचाई वाढल्यावर प्रमाण १२ औंसांवर, म्हणजे ३४० ग्रॅमवर आणले गेले. भाकरी हेच मुख्य अन्न असलेल्या गिरणी कामगाराला हे अपुरे होते, आणि ते स्पष्ट म्हटलेच पाहिजे. लग्नमुंजीच्या पंगतीत किती पाने वाढायची, यावरही मर्यादा आली.

वजनाइतकाच प्रश्न प्रतीचा होता. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. गरम पाण्यात मळून, तळव्याने रेटून ते एकजीव करावे लागते, आणि दळण ताजे असावे लागते. पीठ विरी गेले, म्हणजे जुने होऊन त्याचा चिकटपणा गेला, की भाकरी थापताना कडेने चिरते, परातीतून तव्यावर टाकताना तुटते. साठ्यात जुनी झालेली, किडकी ज्वारी वजनात पुरी भरली तरी तिची भाकरी नीट होत नाही. मालदांडी जातीच्या ज्वारीची पांढरी, गोड भाकरी खाणाऱ्या घरांना हा फरक पहिल्याच घासाला कळे. कार्डावर मात्र औंस तेवढे लिहिलेले असत.

धान्य येणार कुठून, हा दुसरा पेच. सोलापूरचा भुसार बाजार आसपासच्या काळ्या रानांवर चाले. पण ती राने एका सत्तेखाली नव्हती. तुळजापूर, नळदुर्ग, लातूर निजामाच्या राज्यात आणि अक्कलकोट स्वतंत्र संस्थान. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचे (जकातीचे) नाके आधीपासूनच होते. लातूरचा माल बार्शी लाइट रेल्वेने येई, तीही हद्द ओलांडूनच. वाहतुकीला परवाना सक्तीचा झाल्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा हा व्यापार कागदावर अडला.

खुद्द जिल्ह्यात लेव्ही होती : जमीन आणि पीक पाहून ठरलेला वाटा शेतकऱ्याने सरकारी भावाने घालायचा. मंगळवेढ्याकडे (तेव्हा ते सांगली संस्थानात होते) ज्वारी पेवात साठवत. जमिनीखालच्या या साठ्याचा अंदाज वरून लागत नाही. पेव उघडले की आतली कोंदट हवा जाईपर्यंत उतरणेही धोक्याचे. दुष्काळात बादशाही कोठारे रयतेला मोकळी करणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच मंगळवेढ्याची आहे. या भागातल्या शेतकऱ्याला धान्य गोळा करणारे सरकार परके वाटले, तर त्यात नवल नाही. तरीही लेव्हीशिवाय शहरातल्या बिनशेतीच्या कुटुंबांना परवडणाऱ्या भावात धान्य मिळाले नसते.

गांधीजींच्या आग्रहानंतर १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रणे उठू लागली. भाव भडकल्याने १९४८ मध्ये ती परत आली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले. रफी अहमद किडवई केंद्रात अन्नमंत्री असताना, १९५२ ते १९५४ दरम्यान, धान्यावरचे नियंत्रण टप्प्याटप्प्याने संपले. साठा आणि वाहतुकीवर बंधने घालण्याचे अधिकार १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात कायम राहिले.