लिनक्स ट्रबलशूटिंग (बेळगाव सीमाभाग)

लिनक्स ट्रबलशूटिंग म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारं मशीन बिघडलं की त्याचं कारण हुडकायचं आणि ते परत कामाला लावायचं काम, मग ते मशीन कॉलेजच्या लॅबमधलं असू दे, उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपचा फाइल सर्व्हर असू दे नाहीतर दरमहा भाडं भरून घेतलेला क्लाउडवरचा सर्व्हर असू दे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे, १९९८ साली ते सुरू झालं, त्यामुळं इंजिनिअरिंग करणाऱ्या इथल्या पोरांची लिनक्सशी गाठ कॉलेजातच पडते, नंतर कोण पुणं धरतं कोण बेंगळुरू, आणि गावाकडनं फोन आला की तिथनंच लॉगिन करून बघतात. फोनवरचं वाक्य पण ठरलेलं असतंय: "अण्णा, सर्व्हर उठेना झालाय, बघा की जरा." उठेना, लॉगिन होईना, सेव्ह होईना, जागा नाही म्हणतंय, लई स्लो झालंय, बहुतेक तक्रारी या पाचातच बसतात.

आधी थोडं मागचं, कारण ते माहीत नसलं की नेटवर मिळालेली उत्तरं लागू पडत नाहीत. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली फिनलंडमध्ये शिकत असताना लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा, लिहिला, त्याच्याभोवती बाकीचे प्रोग्राम जोडून वेगवेगळी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, तयार झाली, डेबियन १९९३ ची, उबुंटू २००४ ची. २०१० साली मशीन उठताना सर्व्हिस, म्हणजे मागं सतत चालणारे प्रोग्राम, चालू करणारं सिस्टीमडी आलं आणि २०१५ पर्यंत रेड हॅट, डेबियन, उबुंटू सगळे तिकडं वळले. नेटवर्कच्या कमांडही बदलल्या, म्हणून जुन्या उत्तरांत इफकॉन्फिग आणि नेटस्टॅट दिसतं, नव्या मशीनवर टाकलं तर कमांड नॉट फाउंड येतं आणि नवखा माणूस म्हणतो मशीनच खराब आहे. खराब काही नसतंय, आता त्या जागी आयपी आणि एसएस या कमांड आहेत, सर्व्हिससाठी सिस्टीमसीटीएल आणि लॉगसाठी जर्नलसीटीएल.

मशीन काय म्हणतंय ते वाचणं

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि सगळ्यात जास्त इथंच चुकतं. सीमाभागात मराठी माध्यमातनं शिकलेल्या पोराला शाळेत कन्नडही असतं, इंग्रजी त्याच्यानंतर येते, आणि लिनक्स मात्र जे काय सांगायचं ते इंग्रजीतच सांगतंय, तेही वीस-पंचवीस ओळींत. मग डोळे त्याच्यावरनं घसरतात आणि हात थेट रीस्टार्टकडं जातो. हे मी खूप जणांचं बघितलंय, हुशार पोरांचंसुद्धा. खरं तर ते इंग्रजी फार थोडं आहे, पन्नासएक वाक्यं फिरून फिरून येतात, ती एकदा मराठीत समजून घेतली की आयुष्यभर पुरतात.

उदाहरणार्थ कनेक्शन रिफ्यूज्ड आणि कनेक्शन टाइम्ड आउट ही दोन वाक्यं. दोन्हीचा अर्थ 'जोडलं जाईना' असाच लावला जातो, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिफ्यूज्ड म्हणजे आपण घरापर्यंत पोचलो, दार उघडलं आणि "इथं तसलं कोण राहत नाही" असं उत्तर मिळालं, म्हणजे मशीन चालू आहे, रस्ता बरोबर आहे, पण त्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हिसच्या ठरलेल्या नंबरवर, कुठली सर्व्हिस ऐकत नाही. टाइम्ड आउट म्हणजे कडी वाजवतोय वाजवतोय आणि आतनं कोण ओ देईना, म्हणजे मधे फायरवॉल पाकीट गिळतोय, नाहीतर पत्ता चुकलाय, नाहीतर मशीनच बंद आहे. पहिल्यात सर्व्हिस बघायची, दुसऱ्यात रस्ता.

प्रोग्राम मधेच संपला की तो मागं एक आकडा ठेवून जातो, तो पण बोलका असतो. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही, बहुतेक वेळा परवानगी नसते. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, बाहेरनं कोणीतरी ९ नंबरचा सिग्नल देऊन मारलंय, आणि मारणारा बऱ्याचदा कर्नलच असतो कारण रॅम संपलेली असते. अशा वेळी डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, आउट ऑफ मेमरी अशी ओळ सापडते.

सर्व्हिस चालू होईना झाली तर सिस्टीमसीटीएल स्टेटस बघायचं आणि मग जर्नलसीटीएलला त्या सर्व्हिसचं नाव देऊन शेवटच्या ओळी वाचायच्या. निम्म्या वेळा कॉन्फिग फाइलच्या अमुक ओळीत चूक आहे असं तिथं स्पष्ट लिहिलेलं असतंय, नाहीतर ॲड्रेस ऑलरेडी इन यूज, म्हणजे त्या पोर्टवर आधीच दुसरं कोणीतरी बसलंय. कोण बसलंय ते एसएस -टीएलएनपी सांगतं.

जागा संपली

डिस्क भरणं हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याची रूपं इतकी आहेत की माणूस फसतोच. डेटाबेस बंद पडतो, लॉगिन झाल्यावर टॅब दाबला की एरर येते, ग्राफिकल लॉगिन पासवर्ड बरोबर देऊनही परत लॉगिनवरच येऊन थांबतं, आणि यातल्या कशावरनंही डिस्क आठवत नाही. म्हणून कुठलीही विचित्र तक्रार आली की डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारं डीएफ -एच एकदा मारून बघायचं, अर्धा मिनिट लागतं. मग डीयू -एसएच नं एकेक फोल्डर बघत आत जायचं, बहुतेक वेळा /व्हार मध्ये गठ्ठा सापडतो: लॉग, जर्नल (सिस्टीमडीचे लॉग), जुने बॅकअप. जर्नल फुगलं असेल तर जर्नलसीटीएलला व्हॅक्यूम-साइज देऊन कमी करता येतं, फाइली हातानं उडवू नयेत.

आता फसवणाऱ्या तीन गोष्टी. पहिली म्हणजे मोठी लॉग फाइल उडवली तरी डीएफमध्ये जागा वाढतच नाही. एका ऑफिसात मी स्वतः २० जीबीची फाइल उडवून तासभर डोकं धरून बसलो होतो. कारण असं की लिनक्समध्ये फाइलचं नाव उडालं तरी ती एखाद्या प्रोग्रामनं उघडून धरली असेल तर जागा तशीच अडकून राहते, तो प्रोग्राम फाइल सोडेपर्यंत. एलएसओएफला +एल१ दिलं की अशा उडवलेल्या पण धरून ठेवलेल्या फाइली दिसतात, ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मोकळी. दुसरी गोष्ट, डीएफ -एच मध्ये ४० टक्के जागा रिकामी दिसते तरी नो स्पेस लेफ्ट म्हणतंय. तिथं आयनोड संपलेले असतात, म्हणजे फाइलींची संख्याच भरली, लाखो बारक्या फाइली करणाऱ्या मेल सर्व्हरवर नाहीतर वेबसाइटच्या कॅशमध्ये हे होतं, डीएफ -आय नं कळतं. तिसरी, ईएक्सटी४ (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टीम) बनवताना ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य ॲडमिन युजरसाठी, राखून ठेवली जाते, १ टीबीच्या डिस्कवर ती ५० जीबी होते, म्हणून साध्या युजरला डिस्क भरली दिसते आणि रूट मात्र लिहू शकतो.

लाईट गेली आणि मशीन उठेना

खानापूरकडं पावसाळ्यात लाईटचा भरवसा धरता येत नाही, झाड पडलं की तार गेली, आणि यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षं कोणी बदललेली नसते. ईएक्सटी४ ला स्वतःचं जर्नल आहे (वरचं लॉगचं नव्हे, लिहायच्या बदलांची नोंदवही), त्यामुळं मशीन धाडकन बंद झालं तरी फाइल सिस्टीम बहुतेक वेळा स्वतःच सावरते, पण सावरली नाही तर ती रीड-ओन्ली होऊन बसते. हे बिघाड नाही, स्वतःला वाचवणं आहे, आणखी नुकसान होऊ नये म्हणून कर्नल लिहिणं थांबवतो. अशा वेळी आधी डेटा दुसरीकडं कॉपी करायचा, मग लाइव्ह पेनड्राइव्हनं बूट करून एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड, चालवायचं. चालू, माउंट केलेल्या डिस्कवर ते कधीच चालवायचं नाही, तसं करून आहे तेवढंही घालवलेले लोक आहेत. पुन्हा पुन्हा होत असेल तर डिस्कच जात आलीय का ते स्मार्टसीटीएलनं बघायचं.

उठताना दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड आला तर लाईटपेक्षा /ईटीसी/एफस्टॅब या, उठताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याच्या यादीच्या, फाइलवर संशय घ्यावा. बॅकअपची यूएसबी डिस्क त्या यादीत लिहिलेली असते, कोणीतरी ती काढून घरी नेते, आणि सिस्टीमडी तिची ९० सेकंद वाट बघून हात टेकतं. तिथं नोफेल हा शब्द लिहिला की डिस्क नसली तरी मशीन उठतं. एफस्टॅबमध्ये काहीही बदललं की रीस्टार्टच्या आधी माउंट -ए करून बघायची सवय लावावी.

आणखी एक. जुन्या मशीनच्या बोर्डवरची बारकी बॅटरी गेलेली असली की लाईट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं, आणि मग अपडेट होईना, वेबसाइटचं सर्टिफिकेट चालेना असल्या तक्रारी येतात ज्यांचा लाईटशी काही संबंध आहे असं वाटतच नाही. डेट कमांड मारली की कळतं. घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकत असेल तर मात्र कारण वेगळं, त्याच मशीनवर विंडोजही आहे, ते हार्डवेअरच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ.

परवानगी

परमिशन डिनाइड आलं की चमोड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारायचं ही सवय या भागात फार आहे आणि ती मोडायलाच पाहिजे. पूर्ण सिस्टीमवर ७७७ मारलं की सुडो (रूटच्या अधिकारानं कमांड चालवणं) चालायचं बंद होतं, एसएसएच (दुरून लॉगिन करायचा प्रोग्राम) आपल्याच किल्ल्या घ्यायला नकार देतं, आणि मग बहुतेक वेळा परत इन्स्टॉल करण्यावाचून इलाज राहत नाही. फाइल कोणाच्या मालकीची आहे आणि सर्व्हिस कोणाच्या नावानं चालते हे एलएस -एल आणि पीएस नं बघितलं की नव्वद टक्के वेळा मालक बदलून काम होतं. एसएसएच किल्लीनं लॉगिन होईना तर खासगी किल्ली ६००, .एसएसएच फोल्डर ७००, आणि होम फोल्डरमध्ये दुसऱ्यांना लिहिता येत नाही ना ते बघायचं, हा शेवटचा भाग सगळे विसरतात. रॉकी किंवा अल्मासारख्या सिस्टीमवर सगळं बरोबर असूनही नकार येत असेल तर कारण एसईलिनक्स, म्हणजे परवानग्यांवरचा आणखी एक पहारा. तो बंद करून टाकू नये, फाइलींची त्याची लेबलं पूर्ववत करणारं रिस्टोरकॉन चालवावं.

नेट आणि वेग

८.८.८.८ या आकडी पत्त्याला पिंग जातंय पण नावानं साइट उघडेना, तर नेट चालू आहे, नावावरनं पत्ता शोधणारं डीएनएस बंद आहे. डीएनएसचा पत्ता असलेली रिझॉल्व्ह कॉन्फ फाइल हातानं बदलली तर रीस्टार्टनंतर बदल गायब होतो, कारण ती नेटवर्क मॅनेजर नाहीतर सिस्टीमडी-रिझॉल्व्हडी लिहीत असतं, बदल तिथं करायचा. सेंटओएस ७ वाल्यांना अपडेट करताना नाव सापडेना अशी एरर येते आणि ते नेटच्या मागं लागतात. त्या आवृत्तीचा आधार ३० जून २०२४ ला संपला, अपडेट जिथनं यायचे ते जुने रिपॉझिटरीचे पत्तेच बंद झाले, नेटचा दोष नाही.

स्लो म्हटलं की लोक फ्री कमांडमधला फ्री हा कॉलम बघून घाबरतात. बघायचा तो अव्हेलेबल, रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि मागितली की परत देतं. लोडचा आकडा, म्हणजे चालू नाहीतर रांगेत असलेल्या प्रोसेसची सरासरी, कोअरच्या संख्येशी ताडायचा. सीपीयू निवांत आणि लोड २० असेल तर प्रोसेस डिस्कची वाट बघत अडकलेत.

क्रॉनमधनं (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवायची सोय) बॅकअप होईना, हातानं चालवला की होतो, याची कारणं दोन: क्रॉनला पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तोकडा मिळतो, आणि क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ समजली जाते, म्हणून फाइलच्या नावात तारीख घालणारी ओळ मधेच तुटते. टक्क्याआधी उलटा स्लॅश द्यायचा.

मराठी आणि कन्नड नावाच्या फाइली

हा भाग इंग्रजी मदतपानांत सहसा सापडत नाही आणि आपल्याकडं रोज लागतो, कारण इथल्या ऑफिसात एकाच फोल्डरमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजी नावं शेजारी शेजारी असतात. फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, अक्षरं नव्हेत. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं आणि कन्नडाचंही प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि हलंत वेगळे मोजायचे, म्हणजे 'बेळगाव' १८ बाइट आणि 'बेळगावी' २१. नाव ८५ चिन्हांच्या पुढं गेलं की फाइल नेम टू लाँग येतं, विंडोजवरनं आणलेल्या लांबलचक नावाच्या अर्जांना हे हमखास होतं.

'शेतकऱ्यांची यादी' या नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये दिसतात, हे कसं शक्य आहे, असाही प्रश्न येतो. शक्य आहे, कारण 'ऱ्या' दोन पद्धतीनं टाइप होतो. एकात खालच्या ठिपक्याचा ऱ आणि हलंत असतो, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्याच्यामागं न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. पडद्यावर सारखेच, कर्नलला बाइट वेगळे, म्हणून ग्रेपनं हुडकलं तरी एकच सापडतो. एका ऑफिसात सगळ्यांनी एकाच मांडणीचा कीबोर्ड वापरावा हा उपाय, आणि तो इन्स्क्रिप्ट असावा असं मला ठाम वाटतं, कारण त्यात देवनागरीचा क आणि कन्नडाचा क एकाच बटणावर असतो, एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा टाइप होतात.

अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही, लोहित किंवा नोटो टाकायचा. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर लोकेल, म्हणजे भाषेची आणि अक्षरांची सेटिंग, चुकलंय, ते यूटीएफ-८ वर आणायचं, फॉन्ट बदलून उपयोग नाही.

मदत मागताना

फोननं पडद्याचा फोटो काढून पाठवतात, त्यात नेमकी पहिली एरर वर सरकून गेलेली असते आणि ट्यूबलाइटची चमक उरते. त्यापेक्षा एररची ओळ आहे तशी कॉपी करायची, ओएस-रिलीज फाइलमधलं डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती द्यायची, आणि शेवटी काय बदललं होतं ते सांगायचं, कोणी बदललं हे नाही सांगितलं तरी चालतं. मशीन रीस्टार्ट केलं असेल तर जर्नलसीटीएल -बी -१ नं आधीच्या बूटचे लॉग काढून पाठवायचे, ते /व्हार/लॉग/जर्नल फोल्डर असेल तरच मिळतात, म्हणून नवीन सर्व्हर लावतानाच ते फोल्डर आहे का बघून ठेवायचं.